बांधकऱ्याने द्यायची बातमी

प्रल्हाद गुंजाळला त्याच्याबद्दल विचारलंत तर तो बायकोबद्दल सांगायचा. निशिगंधा आयर्लंडमधल्या कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, तिच्या ड्यूट्या अशा, तिचे कन्सल्टंट तसे. मग मुलीबद्दल. स्वरांगीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते तिथल्या मेयो परगण्याच्या इंग्रजीत, आणि जेवलीस का विचारलं तरी ‘ग्रँड’, म्हणजे मस्त, म्हणते. तेवढ्यात समोरच्याचा चहा संपायचा. स्वतःबद्दल बोलायचं नाही ही खोड त्याला घरून आलेली नव्हती, कॉलेजच्या होस्टेलमधून लागली होती. ते प्रकरण जरा समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्यांच्या शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षी प्रत्येकाला प्रॅक्टिकलसाठी जमिनीचा एकेक तुकडा मिळायचा. वाफे पाडायचे, पेरायचं, खुरपायचं, पाणी द्यायचं, सगळं स्वतः. मार्क पडायचे ते पिकाला. तुमच्या तुकड्याला ज्याचा बांध लागून असेल तो तुमचा बांधकरी, आणि तो एकदा चिठ्ठीत निघाला की निघाला, बदलून मिळत नसे. शनिवारी संध्याकाळी मेसमध्ये सगळे जमायचे आणि तुकड्यांच्या बातम्या द्यायचे. नियम एकच होता. आपल्या पिकाची बातमी आपण द्यायची नाही, ती बांधकऱ्याने द्यायची. “माझी मेथी काय तरारलीय” असं कुणी सुरू केलं की ताटं वाजवून त्याला खाली बसवत. स्वतःच्या पिकाबद्दल माणूस कधी खरं बोलत नाही, असं ज्या कुणी थोर सीनियरने हा नियम काढला त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच काही खोटं नव्हतं.

बांधकऱ्याने मात्र काही लपवायचं नाही. याच्या वांग्यावर मावा पडलाय आणि हा गडी काल पिक्चरला गेला होता, हे भर मेसमध्ये सांगायचं. सगळे खो खो हसायचे. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निम्मं होस्टेल पाठीवर पंप अडकवून त्याच्या वांग्यात उभं असायचं. नावं ठेवायची आणि मदतीला जायचं, असं ते जोडकाम होतं.

कॉलेज सुटलं, पोरं पांगली. कुणी कृषी खात्यात गेलं, कुणी बँकेत, कुणी बियाण्यांच्या कंपनीत. पण ‘बांधकरी मंडळ’ टिकलं, आणि दर अक्षय्य तृतीयेला त्याचं पत्रक निघायचं. आधी झेरॉक्सचं होतं, मग फोनवर यायला लागलं. नियम तोच. कुणाचं लग्न, कुणाची बदली, कुणाला मुलगी झाली, कुणी पडला-झडला, सगळं बांधकऱ्याने लिहून पाठवायचं. आणि तीन वर्षं ज्याची बातमी आली नाही त्याचं नाव गळायचं. तुकडा पडीक पडला, असं म्हणायचे. पत्रक काढायची सुलेखा, त्यांच्याच वर्गातली, आता तालुका कृषी अधिकारी. तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याने स्वतःच्या प्रमोशनची बातमी स्वतः पाठवली, तर तिने ती “बांधकऱ्यामार्फत यावे” असा शेरा मारून परत केली.

प्रल्हादचा बांधकरी म्हणजे रवी. रवींद्र लवटे. सांगोल्याजवळ त्याची डाळिंबाची रोपवाटिका होती. हा रवी नुसता मित्र नव्हता. प्रल्हादची आई तो शाळेत असतानाच गेलेली. दुसऱ्या वर्षाला त्याला टायफॉईड झाला तेव्हा रवीच्या आईने, नंदाकाकूंनी, होस्टेलवर येऊन रेक्टरला सांगितलं, “हे लेकरू मी घेऊन चालले.” आणि खरंच घेऊन गेल्या. बरा होईपर्यंत मऊ भात भरवला, डोक्याशी बसल्या. रवीवर ओरडायच्या तशाच त्याच्यावर ओरडल्या. त्याचं नाव त्यांना नीट घेता यायचं नाही, पल्हाद म्हणायच्या. त्या घरातून परत येताना प्रल्हाद एसटीत तोंड फिरवून रडला होता, आणि रवीने ती बातमी इमानेइतबारे शनिवारी मेसमध्ये दिली होती.

तर असा हा बांध. निशिगंधाला आयर्लंडची नोकरी लागली आणि प्रल्हाद खतकंपनीतली चांगली नोकरी सोडून तिच्यामागे आला, तेव्हा मंडळात कुजबुज झाली असती. झाली नाही, कारण रवीने पत्रकात ठोकून दिलं: “प्रल्हाद बायकोच्या नोकरीसाठी परदेशी गेला. आपल्यापैकी किती जणांत ही धमक आहे, त्यांनी हात वर करावा.” कुणी हात वर केला नाही. पहिली काही वर्षं प्रल्हादला तिथे काम करायची परवानगी नव्हती. पोरीला शाळेत सोडायचं, स्वयंपाक, कपडे, पाऊस थांबला की कपडे बाहेर, पाऊस आला की कपडे आत. २०१४ च्या पत्रकात रवीने लिहिलं: “प्रल्हादने घरामागे मेथी लावली. मेथी उगवली, पण गोगलगायींनी प्रल्हादच्या आधी खाल्ली. निशिगंधा वहिनी रात्रपाळीहून येतात तेव्हा गरम वरणभात तयार असतो. हा गडी सुखात आहे.” प्रल्हादने ते निशिगंधाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “रवीभावजींना माझ्यापेक्षा जास्त कळतं तुझं.” ती थट्टेत म्हणाली, पण ते खरं होतं. फोनवर प्रल्हाद जे बोलायचा नाही तेही रवीला कळायचं.

प्रल्हादही काही मागे नव्हता. मंडळात सगळ्यात लांब बातमी त्याची असायची. रवीने फेसबुकवर टाकलेला एकेक फोटो मोठा करून बघायचा, फोनवर खोदून खोदून विचारायचा आणि दोन पानं लिहायचा. कलमं किती भरली, नवीन शेडनेट कुठल्या दिशेला घातलं, आणि ते चुकीच्या दिशेला कसं घातलं. शेवटी काकूंसाठी एखादी ओळ असायचीच, त्यांचा गुडघा, त्यांची शेळी, त्यांनी जावेशी केलेलं भांडण. सुलेखा दरवेळी म्हणायची, “अरे, काटछाट कर.” हा करायचा नाही. खरं सांगायचं तर कासलबारच्या त्या ओल्या घरात वर्षभर त्याला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम होतं.

आणि २०१६ साली त्याने माती खाल्ली.

झालं असं. रवीने फोटो टाकला होता, हातात डाळिंब धरून हसतोय, मागे त्याची मातृझाडं, म्हणजे ज्यांच्यापासून तो कलमं बांधायचा ती. प्रल्हादने फोटो मोठा केला. फळावर काळपट डाग. मागच्या फळांवरही. हा तेल्याच, त्याने ठरवून टाकलं. सांगोल्याकडे तेल्या रोग म्हणजे काय हे तिकडच्यांना विचारा. फळ तडकतं, बाग काढून टाकावी लागते, आणि रोपवाटिकेच्या मातृझाडांवर आला तर धंदाच बसतो. त्याने रवीला फोन लावायला हवा होता की नाही? कुणीही सांगेल, लावायला हवा होता. पण पत्रकाची मुदत संपत आली होती आणि प्रल्हादच्या डोक्यात ती शनिवारची मेस पक्की बसलेली. बांधकऱ्याने लपवायचं नाही. नाव ठेवायचं म्हणजे मदत येते. त्याने लिहिलं: “रवीच्या मातृझाडांवर तेल्या दिसतो आहे, आणि हा फोटो काढत बसलाय. मंडळींनी ताबडतोब लक्ष घालावे.” वर स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पाठवून दिलं.

मंडळींनी लक्ष घातलं. पण मंडळी आता होस्टेलची पोरं राहिली नव्हती. कुणी तपासणी अधिकारी होता, कुणी फळबागेची कर्जं मंजूर करणारा, कुणी शेजारच्या तालुक्यातला रोपवाटिकावाला. पत्रक कुणीतरी पुढे पाठवलं, त्याने आणखी कुणाला. आठवडा उलटायच्या आत सांगोला-आटपाडी भागात बभ्रा झाला की लवट्यांच्या कलमांना तेल्या आहे. खात्याने विक्री थांबवली, नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला तोवर लागवडीचा हंगाम निघून गेला होता. तेल्या नव्हताच. उन्हाने भाजलेले चट्टे होते. वर्षभर जपलेली कलमं रवीने जागेवर वाळू दिली, कारण पुढच्या वर्षीच्या कलमांना जागा तर हवी.

आता यात वाईट हेतू कुणाचा होता सांगा. कुणाचाच नव्हता. पण त्याने रवीचं काय भलं झालं? तो मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडला. काही बोलला नाही, कुणाला दोष दिला नाही, गुपचूप गेला. प्रल्हादने त्याला माफीचा एवढा लांब मेसेज लिहिला की निशिगंधाला तो वाचताना मध्ये पाणी प्यावं लागलं. मेसेज पोचला, वाचला गेल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. प्रल्हाद थांबला. म्हणाला, रागावलाय, रागवायलाच हवं, शांत झाला की बोलेल.

पुढच्या वर्षी पत्रकाची वेळ आली तेव्हा त्याचा हातच चालेना. एक वाक्य लिहिलं की वाटायचं, यातून आणखी काही उभं राहिलं तर? मागच्या वेळी दोन पानं लिहून माणूस बुडवला, आता एक अक्षर जास्तीचं नको. शेवटी त्याने पाठवलं: “रवी बरा आहे.” तेवढंच. रवीकडून प्रल्हादची बातमी काहीच आली नाही. त्याच्या नावापुढे सुलेखाने रेघ मारली. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१८ ला, पुन्हा तेच. “रवी बरा आहे.” आणि प्रल्हादच्या नावापुढे पुन्हा रेघ.

गंमत बघा, सांगण्यासारखं आयुष्य नेमकं त्याच दोन वर्षांत सुरू झालं होतं. आयरिश पासपोर्ट झाला, काम करायची मोकळीक मिळाली आणि प्रल्हादला गावाबाहेरच्या को-ऑपच्या दुकानात नोकरी लागली. शेतकऱ्यांचं दुकान. पेंड, खत, कुंपणाचे खांब, गुडघ्यापर्यंतचे बूट, मेंढ्यांची औषधं. पहिल्या दिवशी आत गेला तर तो खताचा आणि पेंडीचा मिसळलेला वास आला आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो दोन मिनिटं काउंटरला धरून उभा राहिला. गोणी उचलायच्या, हिशेब करायचा, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांची मेयोची बोली आधी डोक्यावरून जायची, मग कळायला लागली. २०१८ चा वसंत तिथे आलाच नाही. हिवाळा हलेना, पावसाने रानात चिखल, गवत वाढेना, लोकांच्या गोठ्यातला चारा संपला. को-ऑपने लांबून वैरण आणली. प्रल्हाद रविवारीसुद्धा लॉरीवर बसून गठ्ठे पोचवायला जायचा. अशाच एका गोठ्यात पी. जे. नावाच्या सत्तरीच्या शेतकऱ्याकडे त्याने एका गाईच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि न विचारता आणखी एक गठ्ठा उतरवला. दुसऱ्या दिवशी पी. जे. दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, “हा तुमचा इंडियावाला, याला उपाशी गाय कळते.” त्या दिवसापासून लोक त्याला नावाने हाक मारायला लागले. नाव नीट घेता येत नव्हतं, पण घेत होते.

ही बातमी होती. चांगली, पत्रकात शोभेल अशी. प्रल्हाद घरी आला, निशिगंधाला सांगितलं, ती खूश झाली. स्वरांगी ‘ग्रँड, बाबा’ म्हणाली. पण हुरहूर गेली नाही. ही गोष्ट रवीने सांगायला हवी होती. “ज्याने दुसऱ्या वर्षाला जनावरांच्या प्रॅक्टिकलला दांडी मारली तो आता मेयोत गाई तपासतो,” असं काहीतरी लागट लिहून. ते नसलं तर मग गाईच्या बरगड्यांवर हात ठेवला काय आणि नाही ठेवला काय. निशिगंधा म्हणाली, “स्वतः लिहून पाठव की.” त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय बदलला.

२०१९ च्या एप्रिलात सुलेखाचा फोन आला.

“प्रल्हाद, तिसरं वर्ष आहे,” ती म्हणाली. “रवीकडून तुझं काही आलेलं नाही. आठवडाभरात पत्रक लावायला घेते. तुझं नाव गळणार.”

“नियम आहे,” प्रल्हाद म्हणाला.

“नियम मला शिकवू नकोस. त्याच्याशी बोललास का?”

“तो बोलत नाही माझ्याशी.”

“मी विचारलं, तू बोललास का? फोन लावलास कधी?”

“मेसेज केला होता,” प्रल्हाद म्हणाला. फोन त्याने लावलाच नव्हता. तो एक मेसेज, त्यानंतर दर दिवाळीला शुभेच्छांचं एक चित्र, बस्स. तीन वर्षांत रवीचा आवाज ऐकायची त्याची छाती झाली नव्हती.

“धन्य आहेस,” सुलेखा म्हणाली. “मेसेज करून काय होतं? टाकलं पोस्टात की झालं, असं पाकीट आहे का ते? तुझं नाव गेलं तर माझं काही जात नाही बाबा. पण बुधवारपर्यंत थांबते.”

तिने फोन ठेवला. सोमवार गेला, मंगळवार गेला. प्रल्हाद रोज ठरवायचा आणि रोज काहीतरी निघायचं. तिकडे आता रवी पाणी धरत असेल, आता जेवत असेल, आता झोपला असेल. माणसाला टाळायचं असलं की वेळेचा फरक फार कामी येतो.

बुधवारी सकाळी तो दुकानात होता. मेयोत एक रीत आहे. गावच्या रेडिओवर रोज सकाळी त्या भागात कोण कोण वारलं ते वाचतात. नाव, गाव, कुणाचा कोण, अंत्यविधी कुठे. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलत नाही. प्रल्हादला आधी ते विचित्र वाटायचं, आता तोही हातातली गोणी खाली ठेवायचा. त्या दिवशी पी. जे. काउंटरपाशी होता. एक नाव आलं आणि त्याने टोपी काढली. तो त्याचा शेजारी होता हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं, आणि दोघांच्या रानांमधल्या पाण्याच्या चरावरून त्यांच्यात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं हेही.

“बरा माणूस होता,” पी. जे. म्हणाला. “चराच्या बाबतीत चुकला होता, पण माणूस बरा होता.” मग थोड्या वेळाने, टोपी हातात फिरवत म्हणाला, “आणि हे आता मी कुणाला सांगू?”

त्याने पेंडीचे पैसे दिले आणि पेंड तिथेच विसरून गेला. प्रल्हादने गोणी बाहेर नेऊन त्याच्या गाडीमागच्या ट्रेलरमध्ये ठेवली तेव्हा तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसला होता.  जेवणाच्या सुट्टीची प्रल्हादने कशीबशी वाट पाहिली, डबा न उघडताच मागच्या खताच्या गोदामात गेला आणि रवीला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“बोल,” रवी म्हणाला.

तोच आवाज. प्रल्हादला वाटलं होतं, बदलला असेल. “रवी,” तो म्हणाला, “ते तेल्याचं… मी फोन करायला हवा होता तेव्हा. फोटो बघून लिहिलं मी. तुझा हंगाम घालवला. मला ना, गड्या…”

“ते सोड,” रवी म्हणाला. “ते मी त्याच पावसाळ्यात गिळलं. चट्टे मलाही आधी तेल्यासारखेच वाटले होते. दोन दिवस झोप नव्हती मला. तू चुकलास, मीही चुकलो असतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू लिहिलंस का काही?” रवीचा आवाज चढला नाही, पण जड झाला. “चुकलास ना, मग पुढल्या वर्षी नीट लिहायचंस. काय लिहिलंस? रवी बरा आहे. अरे, मी ग्रुप सोडला, पत्रक सोडलं नव्हतं. सुलेखा मला वेगळं पाठवायची. तीन वर्षांत माझ्याकडे काय काय झालं आणि तुला फक्त एवढंच दिसलं? कलमं सगळी वाळून गेली तेव्हा मी बरा होतो? म्हटलं, याने बांधाकडे बघायचंच सोडलं. मग मी तरी कशाला बघू?”

 भीतीने प्रल्हादचा हात आखडला होता हे खरं, पण समोरून ते कसं दिसलं असेल हा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. तीन वर्षं तो आपल्या चुकीलाच कुरवाळत बसला होता.

“काकू कशा आहेत?” त्याने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून नाही, त्याला खरंच हवं होतं. काकू दोघांनाही चार शिव्या घालतील आणि सगळं पुन्हा जागेवर येईल, असं त्याला वाटलं.



“आई गेली,” रवी म्हणाला. “मागच्या श्रावणात.”

प्रल्हाद जवळच्या गोणीवर बसला. 

“मला कुणी… मला कळवलं नाहीस, रवी?”

“मी कळवायचं? माझी बातमी द्यायचं काम कुणाचं होतं?” रवी म्हणाला. मग जरा नरमला. “मंडळातलं कुणीच आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. गावातली माणसं होती, भाऊबंद होते. मी आपला उगाच फोन हातात घेऊन बसायचो. वाटायचं, आज तरी विचारेल.”

प्रल्हाद रडत होता. लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही.

“तुला सांगू का,” रवी म्हणाला, “ती पत्रक माझ्याकडून वाचून घ्यायची. दरवर्षी. सगळं नाही, आपल्या दोघांचंच. पल्हाद काय म्हणतो ते वाच म्हणायची. तू तिच्या शेळीबद्दल लिहायचास ना, ते तर दोनदोनदा. त्या सतराच्या वर्षी वाचलं मी, रवी बरा आहे. म्हणाली, पुढचं वाच. म्हटलं, एवढंच आहे. म्हणाली, असं कसं, पान राहिलं असंल तुझ्याकडं, बघ नीट.”

“रवी, बस कर.”

“ऐक आता. तीन वर्षांनी फोन केलायस, तर ऐक. मागच्या वर्षी पुन्हा तेच आलं. तेव्हा तिची तब्येत उतरली होती. माझ्याच्यानं ते एक वाक्य वाचवेना. मग मी मनानंच वाचलं. तुझ्या नावानं. शेडनेट तिरकं लावलंय असं लिहिलंय म्हटलं, तर हसली. म्हणाली, बरोबर सांगतोय तो. मग शेळीचं सांगितलं. मग म्हणाली, अजून? तर माझ्या तोंडून निघून गेलं, प्रल्हाद दिवाळीला येणार आहे, असं लिहिलंय.”

प्रल्हादने डोळे मिटून घेतले.

“दुसऱ्या दिवशी शेंगा वाळत घातल्या तिनं,” रवी म्हणाला. “दिवाळीला किती अवकाश होता. म्हटलं, आई, आत्तापासून कशाला? म्हणाली, तो बाहेर देशातून येतो, त्याला न्यायला पण लागंल की.”

 मग रवीच म्हणाला, “सुलेखाचा परवा फोन आलेला. आज संध्याकाळपर्यंत दे म्हणाली. सांग तुझं. काय लिहू?”

तीन वर्षांत साठवलेलं सगळं प्रल्हादच्या जिभेवर यायला हवं होतं. को-ऑपचं दुकान, वैरणीच्या लॉऱ्या, पी. जे. सगळ्यांसमोर काय म्हणाला ते. त्यातलं एकही आलं नाही.

“लिही,” तो म्हणाला, “प्रल्हाद येतोय.”

“हे मागच्या वर्षी वाचून झालंय, लेका,” रवी म्हणाला.  “तारीख सांग.”

प्रल्हाद उठला. फोन तसाच कानाशी धरून तो सुट्टी मागायला मॅनेजरच्या खोलीकडे गेला.